मूत्राशयातल्या पेशी ओळखायच्या कशा? बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांत बायोप्सीचा रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर बहुतेक वेळा गुजरातीत समजावतात आणि रात्री जेवताना त्यावर चर्चा मराठीत होते. दांडिया बाजार, रावपुरा भागातून रिपोर्ट घेऊन येणारे नातेवाईक आणि पॅथॉलॉजी शिकणारी आपली मुलं यांचे प्रश्न फारसे वेगळे नसतात. दोघांनाही एकच जाणून घ्यायचं असतं: काचेवरच्या या जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांतून अमुक पेशी अमुकच आहे, हे तुम्ही ठरवता कसं? त्याची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम लांबवली आहेत. नातेवाइकांनी ती सोडून पुढे गेलं तरी चालेल. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या युरॉलॉजिस्टशी बोलूनच घ्या.

मूत्राशयाच्या भिंतीत कोणकोणत्या पेशी असतात?

आतून बाहेर जाऊ. लघवीला थेट भिडणारं अस्तर म्हणजे युरोथेलियम. मूत्राशय रिकामं असताना माणसात ते साधारण ५ ते ७ पेशींइतकं जाड दिसतं, भरून ताणलं की २-३ थरच उरल्यासारखे वाटतात. त्यात तळाशी लहान, दाटीने बसलेल्या बेसल पेशी, मधे इंटरमीडिएट पेशी आणि सर्वांत वर मोठ्या अंब्रेला पेशी असतात.

अस्तराखाली बेसमेंट मेंब्रेनची बारीक रेघ आणि त्याखाली लॅमिना प्रोप्रिया हा सैल थर. खरी गर्दी इथे आहे: रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, फायब्रोब्लास्ट (जोडऊतीचे धागे बनवणाऱ्या पेशी), इंटरस्टिशियल पेशी (या सगळ्यांच्या मधल्या जागेत बसलेल्या फाटेदार पेशी), मास्ट पेशी (अ‍ॅलर्जी आणि सुजेत भाग घेणाऱ्या), लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आणि मधूनच तुटक दिसणारे स्नायूंचे बारीक धागे. त्याच्या खाली डेट्रुसर हा जाड स्नायू, ज्याच्या आकुंचनाने लघवी बाहेर पडते. सर्वांत बाहेर चरबी आणि जोडऊती.

अंब्रेला पेशींबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण अख्ख्या शरीरात असं काम करणाऱ्या पेशी फार थोड्या आहेत. लघवीत युरिया, आम्लं, औषधांचे अवशेष, तंबाखूच्या धुरातून आलेली रसायनं असं बरंच काही असतं. ते तासन् तास साठवायचं आणि रक्तात परत झिरपू द्यायचं नाही, हे काम मुख्यतः या एका थराचं आहे.

ते कसं साधतं? अंब्रेला पेशींच्या वरच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या ताठ चकत्या असतात. युरोप्लाकिन एक-ए, एक-बी, दोन आणि तीन-ए हे त्यांतले मुख्य घटक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या चकत्यांत सुमारे १६ नॅनोमीटरचे कण षटकोनी रचनेत बसलेले दिसतात आणि पेशीच्या पटलाचा बाहेरचा पदर आतल्या पदरापेक्षा जाड दिसतो. शेजारच्या दोन अंब्रेला पेशींमधली फट टाइट जंक्शनने बंद केलेली असते. मूत्राशय भरू लागलं की अस्तराच्या वळ्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या उलगडतात, आणि पेशीच्या आत चपट्या पिशव्यांत राखून ठेवलेलं जादा पटल पृष्ठभागावर येऊन मिसळतं. रिकामं झालं की ते पुन्हा आत ओढलं जातं.

साध्या स्लाइडवर यांची ओळख सोपी आहे: आकार मोठा, वरची कड गुलाबी आणि जरा गडद, बऱ्याचदा एका पेशीत दोन केंद्रकं. ही दोन केंद्रकं पाहून नवे विद्यार्थी घाबरतात. अंब्रेला पेशीत ती अगदी स्वाभाविक आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या पेशी नुसता पहारा देत नाहीत, त्यांना ताण जाणवतो. ताणलं की त्या एटीपी नावाचा रेणू सोडतात आणि खालच्या मज्जातंतूंपर्यंत 'भरत आलंय' हा निरोप जातो. ताण ओळखणारं पिएझो-२ हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातही काम करतं हे २०२० साली दाखवलं गेलं. पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उलट बाजूही आहे. लघवीच्या जंतुसंसर्गाला बहुतेक वेळा कारणीभूत ठरणारा ई. कोलाय जंतू आपल्या टोकावरच्या फिम-एच प्रथिनाने युरोप्लाकिनलाच पकडून ठेवतो.

रिपोर्टमध्ये सीके-२०, पी-६३, गाटा-३ असं काय काय लिहिलंय. हे आजारांचे प्रकार आहेत का?

नाही. ही प्रथिनांची नावं आहेत. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तपासणीत विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी ऊतीच्या कापावर सोडतात. ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. ओळख पटवणाऱ्या अशा प्रथिनांना मार्कर म्हणतात. कोणत्या पेशीत, पेशीच्या कोणत्या भागात आणि किती गडद, हे पाहून पेशीचा प्रकार ठरवायला मदत होते.

निरोगी मूत्राशयात ढोबळ चित्र असं: तळाच्या बेसल पेशींत सीके-५, पी-६३ आणि सीडी-४४ उमटतात. वर जाता जाता ते फिकट होत जातात. अंब्रेला पेशींत पी-६३ नसतं, तिथे सीके-२० आणि युरोप्लाकिन दिसतात. गाटा-३ सगळ्याच थरांत, केंद्रकात दिसतं. सीके-७ सुद्धा सगळ्या थरांत. स्नायूंसाठी डेस्मिन आणि अल्फा-एसएमए, रक्तवाहिन्यांच्या अस्तरासाठी सीडी-३१ आणि ईआरजी, लसीकावाहिन्यांसाठी डी२-४०, मज्जातंतूंसाठी एस-१००. कधीमधी अस्तरात एखादी न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरक सोडणारी) पेशीही सापडते, तिला क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिनने ओळखतात.

म्हणजे एक मार्कर पॉझिटिव्ह आला की पेशी ओळखली, असंच ना?

असं कधीच नाही, आणि या पानावरची हीच गोष्ट विद्यार्थ्यांनी सर्वांत पक्की लक्षात ठेवावी. मूत्राशयातली कोणतीही पेशी एकट्या मार्करवरून ओळखू नये. तिची जागा, तिचं रूप, तिच्या शेजारी कोण आहे, दोन-तीन मार्कर एकत्र काय सांगतात आणि रुग्णाची तक्रार काय आहे, हे सगळं एकत्र ठेवल्यावर जे नाव जुळतं तेच द्यावं.

एक उदाहरण घेऊ. मूत्राशयातली गाठ काढली, गाटा-३ पॉझिटिव्ह आलं. युरोथेलियमचा कॅन्सर म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण पॅरागँग्लिओमा ही मूत्राशयाच्या भिंतीत क्वचित होणारी वेगळीच गाठही गाटा-३ पॉझिटिव्ह येऊ शकते. ती अस्तरातून येत नाही. तिच्या पेशी अॅड्रेनॅलिनच्या जातीची संप्रेरकं बनवणाऱ्या असतात. केराटिनचे (सीके) मार्कर लावले की ते निगेटिव्ह येतात, क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह येतात, आणि पेशींच्या पुंजक्यांभोवती एस-१०० ने रंगणाऱ्या सडपातळ पेशी दिसतात. रुग्णाला नीट विचारलं तर कधी कधी तो सांगतो, लघवी करताना डोकं ठणकतं, छाती धडधडते, घाम फुटतो. ही एक ओळ फॉर्मवर लिहिलेली असली तर पॅथॉलॉजिस्टचं निम्मं काम होतं. म्हणून लक्षणं क्षुल्लक वाटली तरी डॉक्टरांना सगळी सांगा.

दुसरं उदाहरण रोजचं आहे. वयस्क पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ असेल तर ती मूत्राशयाची की प्रोस्टेटमधून वर आलेली? तिथे मूत्राशयाच्या बाजूचे गाटा-३ आणि पी-६३, प्रोस्टेटच्या बाजूचे पीएसए आणि एनकेएक्स-३.१, असे दोन्हीकडचे मार्कर लावावे लागतात. उपचार पूर्ण वेगळे असल्यामुळे इथे घाई परवडत नाही.

इंटरस्टिशियल पेशी, कॅहाल पेशी, टेलोसाइट: ही एकाच पेशीची नावं का?

एम.डी. करणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न, आणि गोंधळ होणं साहजिक आहे.

सांतियागो रामोन ई कॅहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने आतड्याच्या भिंतीत फाटे फुटलेल्या काही पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात असं मानलं. (त्याला १९०६ चं नोबेल मिळालं ते मज्जासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी, गॉल्जीबरोबर.) पुढे कळलं की आतड्यातल्या या पेशी मज्जातंतू नाहीत, त्या आतड्याच्या हालचालीची लय ठरवतात. त्या सीडी-११७ आणि अॅनॉक्टामिन-१ ने रंगतात.

मग मूत्राशयातही अशाच फाटेदार पेशी दिसल्या आणि त्यांना 'कॅहालसारख्या' म्हटलं गेलं. इथून घोळ सुरू झाला. मूत्राशयातल्या या पेशी आतड्यातल्यासारखी लय ठरवतात हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय सीडी-११७ मास्ट पेशींतही भरपूर असतं. मूत्राशयाच्या लॅमिना प्रोप्रियात मास्ट पेशी नेहमीच असतात, त्यामुळे सीडी-११७ ने तपकिरी झालेली पेशी पाहून तिला कॅहाल पेशी म्हणणं धोक्याचं. शेजारच्याच कापावर मास्ट पेशींचं ट्रिप्टेज लावून पाहा. तीच पेशी ट्रिप्टेजनेही रंगली तर ती मास्ट पेशी.

आज मूत्राशयातल्या इंटरस्टिशियल पेशींसाठी पीडीजीएफआर-अल्फा हा जास्त भरवशाचा मार्कर मानतात. पण त्यांतही सगळ्या एकसारख्या नाहीत. मानवी मूत्राशयावरच्या अभ्यासांत अस्तराच्या लगेच खालच्या पट्ट्यातल्या पेशींत अल्फा-एसएमए सापडतं. त्या फायब्रोब्लास्ट आणि मायोफायब्रोब्लास्ट यांच्या मधल्या वाटतात. खोलवरच्या पट्ट्यातल्या पेशींत त्याऐवजी सीडी-३४ दिसतं. म्हणजे एकाच थरात, थोड्याशा अंतरावर, दोन वेगळ्या स्वभावाच्या पेशी. म्हणूनच 'लॅमिना प्रोप्रियातली इंटरस्टिशियल पेशी' एवढं लिहिणं अपुरं आहे. वरचा पट्टा की खालचा, हे लिहा.

सीडी-३४ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, हे विसरू नका. त्याच्या जोडीला सीडी-३१ लावावं लागतं. सीडी-३४ आहे, सीडी-३१ नाही आणि पेशी वाहिनीच्या पोकळीला भिडलेली नाही, तेव्हा इंटरस्टिशियल पेशीचा विचार करावा. व्हिमेंटिनवर विसंबू नका. ते फायब्रोब्लास्टपासून लिम्फोसाइटपर्यंत अनेकांत सापडतं.

टेलोसाइट हे नाव २०१० साली रुमेनियातल्या पोपेस्कू यांच्या गटाने पुढे आणलं. छोटं शरीर आणि त्यातून निघणारे अतिशय लांब, बारीक, मधूनमधून फुगीर होणारे धागे, अशी ती पेशी. पीडीजीएफआर-अल्फा आणि सीडी-३४ दोन्ही असणं तिच्याशी जुळतं, पण खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच होते, कारण ते धागे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात येत नाहीत. साध्या स्लाइडवरून 'टेलोसाइट' असं ठाम लिहिणारा प्रबंध माझ्याकडे आला तर मी तो परत पाठवीन.

या सगळ्याचा रुग्णाला काय उपयोग?

वारंवार लघवीची घाई होणं, भरल्यावर दुखणं, मज्जारज्जूच्या इजेनंतर मूत्राशयाचा ताबा जाणं, अशा आजारांत अस्तर, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला संवाद बिघडतो. इंटरस्टिशियल पेशी या तिघांच्या मधे बसलेल्या आहेत. त्यांच्यातून हा संवाद कसा पुढे जातो यावर संशोधन चालू आहे. रुग्णाच्या रोजच्या रिपोर्टमध्ये मात्र त्यांचा उल्लेख सहसा नसतो.

मास्ट पेशी दाखवायला टोल्युइडिन ब्लू पुरेसं आहे का?

शिकवायला उत्तम आहे. मास्ट पेशीतले दाणे या निळ्या रंगाने जांभळे-तांबूस दिसतात आणि बाकीचं निळंच राहतं. विद्यार्थ्यांना एकदा दिसलं की विसरत नाहीत. मोजणी करायची असेल तर ट्रिप्टेज चांगलं, कारण फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर काही मास्ट पेशींचे दाणे टोल्युइडिन ब्लू नीट घेत नाहीत आणि आकडा कमी येतो. मूत्राशयाच्या दुखण्याच्या आजारात, विशेषतः हनर लीजन (अस्तरावरचा लालसर, जखमेसारखा चट्टा) असलेल्या रुग्णांत, लॅमिना प्रोप्रियात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची दाट सूज दिसते आणि अस्तर बरंचसं निघून गेलेलं असतं. मास्ट पेशी वाढलेल्या असू शकतात, पण नुसत्या त्यांच्या संख्येवरून हे निदान करू नये.

रिपोर्टमध्ये 'डेट्रुसर मसल नॉट सीन' असं लिहिलंय. डॉक्टर परत ऑपरेशन म्हणतात. पहिलं चुकलं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कापरा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून मूत्राशयातली गाठ खरवडून काढतात, त्याला टीयूआरबीटी म्हणतात. पॅथॉलॉजीकडे येतात ते तुकडे. कॅन्सर असेल तर सर्वांत मोठा प्रश्न असा: तो लॅमिना प्रोप्रियात थांबला आहे की डेट्रुसर स्नायूत शिरला आहे? पहिल्या अवस्थेला टी-१ म्हणतात, दुसरीला टी-२. टी-१ मध्ये बहुधा मूत्राशय ठेवून बीसीजी (क्षयाच्या लसीतला जंतू, औषध म्हणून मूत्राशयात सोडतात) आणि नियमित दुर्बीण तपासणी करता येते. टी-२ असेल तर मूत्राशय काढणं किंवा केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा विचार करावा लागतो. तुकड्यांत डेट्रुसर आलाच नसेल तर कॅन्सर तिथे पोहोचला आहे की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून बऱ्याचदा २ ते ६ आठवड्यांत परत दुर्बीण घालून तळाचा नमुना घेतात. गाठ अगदी वरवरची आणि मंद गतीची (लो-ग्रेड) असेल तर याची गरज पडेलच असं नाही. स्नायू न येण्याचं कारण गाठीची जागा किंवा तिथली पातळ भिंतही असू शकते; पहिलं ऑपरेशन चुकलं असा त्याचा अर्थ लगेच काढू नका.

विद्यार्थ्यांसाठी यात एक सापळा आहे. लॅमिना प्रोप्रियात जे तुटक, बारीक स्नायूंचे धागे असतात, ती मस्क्युलॅरिस म्युकोसी. त्यांत कॅन्सर शिरला तरी तो टी-१ च. ते धागे आणि डेट्रुसर यांची गल्लत झाली तर रुग्णाचं मूत्राशय विनाकारण जाऊ शकतं. डेट्रुसरचे गठ्ठे जाड आणि गोलसर असतात. म्युकोसीचे धागे विस्कळीत आणि मोठ्या वाहिन्यांच्या आसपास असतात. डेस्मिन दोघांतही येतं, त्यामुळे फरक करायला ते उपयोगी नाही. स्मूदेलिन हे स्नायूंचं प्रथिन डेट्रुसरमध्ये गडद आणि म्युकोसीत फिकट किंवा नसतंच, म्हणून काही प्रयोगशाळा ते लावतात. पण दोन्हींत मधल्या छटा येतात, तेव्हा गठ्ठ्याचं रूप आधी पाहा. आणि चरबी दिसली म्हणून कॅन्सर मूत्राशयाबाहेर गेला असं समजू नका. लॅमिना प्रोप्रियातही थोडी चरबी असते.

'व्हॉन ब्रुन नेस्ट', 'सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस', 'स्क्वेमस मेटाप्लेसिया' हे कॅन्सर आहेत का?

नाहीत. ब्रुनचे नेस्ट म्हणजे अस्तराच्या पेशींचे खाली उतरलेले गोल पुंजके. निरोगी लोकांतही दिसतात. त्यांच्या मधे पोकळी झाली की सिस्टायटिस सिस्टिका, पोकळीला ग्रंथीसारख्या पेशी लागल्या की ग्लँड्युलॅरिस. बायकांच्या मूत्राशयाच्या तळाकडच्या त्रिकोणी भागात योनीच्या अस्तरासारख्या स्क्वेमस पेशी असणं नेहमीचं आहे. केराटिन तयार करणारं स्क्वेमस मेटाप्लेसिया मात्र वेगळं. जुना खडा, महिनोन् महिने असलेला कॅथेटर अशा सततच्या त्रासातून ते येतं आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

सूज आणि सीआयएस यांत फरक कसा करतात?

सीआयएस म्हणजे अस्तरातच असलेला, गाठ न झालेला पण जोरकस कॅन्सर. जंतुसंसर्ग, खडा किंवा नुकतीच झालेली दुर्बीण यांमुळेही पेशी मोठ्या आणि विचित्र दिसू शकतात. रूपावरून शंका राहिली तर तीन-चार मार्कर लावतात. सुजेत सीके-२० वरच्या थरापुरतं राहतं आणि सीडी-४४ सगळ्या जाडीत वाढतं. सीआयएसमध्ये बहुधा सीके-२० सगळ्या जाडीत पसरतं, सीडी-४४ जवळजवळ नाहीसं होतं आणि पी-५३ केंद्रकांत गडद येतं. इथेही सगळे मार्कर एकाच दिशेने बोलतील अशी हमी नसते.

एक अडचण सांगायलाच हवी. सीआयएसच्या पेशी एकमेकींना धरून ठेवत नाहीत, त्यामुळे कधी स्लाइडवर अस्तर गळून गेलेलं आणि तळाशी दोन-चार पेशी चिकटलेल्या एवढंच दिसतं. अशा वेळी लघवीतल्या पेशी पाहाव्यात.

लघवीच्या तपासणीतून पेशी ओळखता येतात?

येतात. पेशी गळून लघवीत येतातच. मोठ्या, दोन-तीन केंद्रकांच्या अंब्रेला पेशी लघवीत दिसणं स्वाभाविक आहे. जोरकस कॅन्सरच्या पेशींत केंद्रक पेशीचा बहुतेक भाग व्यापतं, गडद आणि वेड्यावाकड्या कडेचं असतं. २०१६ पासून पॅरिस पद्धतीने हे रिपोर्ट दिले जातात. २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. मंद गतीच्या कॅन्सरच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून दुर्बीण टाळू नका.

या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. दुसऱ्या वेळची, ताजी द्या.

वडील अनेक वर्षं नंदेसरीकडच्या रंगाच्या कारखान्यात होते. आता लघवीतून रक्त जातंय. संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने १८९५ साली फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी होतात हे नोंदवलं. पुढे बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही रसायनं त्यामागची प्रमुख कारणं ठरली. त्यांचे अवशेष लघवीतून बाहेर पडतात, त्यामुळे मार सोसतं ते मूत्राशयाचं अस्तर. संपर्क आणि कॅन्सर यांत वीस वर्षं आणि त्याहून जास्तही अंतर जाऊ शकतं, म्हणून निवृत्त होऊन किती वर्षं झाली हा निकष धरू नका.

पण बिडी-सिगारेटचं विसरू नका. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे. चरोतरचा तंबाखू आपल्या शेजारीच पिकतो आणि कामगारांत बिडी सर्रास असते. दोन्ही असतील तर धोका वाढतो.

आणि वेदना नसताना लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, आपोआप थांबलं, तरी तपासणी करा. 'उन्हाळ्यात उष्णता झाली असेल' म्हणून सरबत पीत महिने घालवलेले रुग्ण पाहिले की जीव तुटतो.

नमुना प्रयोगशाळेत नेताना काय काळजी घ्यायची?

ऑपरेशन थिएटरमधूनच तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये यायला हवा, आणि फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दसपट. सलाइनमध्ये ठेवलेला नमुना खराब होऊ लागतो आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर फारच लवकर. सर्वांत आधी अस्तर सुटतं, म्हणजे ज्या पेशी पाहायच्या त्याच हातच्या जातात. बरणी घट्ट बंद आहे, नाव लिहिलं आहे आणि ऑपरेशनची नोंद सोबत आहे, एवढं पाहा. बरणी उघडू नका, वास घेऊ नका.

विद्यार्थ्यांसाठी: मार्कर लावायचे असतील तर ६ ते ७२ तास फॉर्मॅलिन ही मर्यादा पाळा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा आधीच वेगळा काढून ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकावा लागतो. नंतर आठवून उपयोग नाही. ऑपरेशनच्या वेळी विजेच्या तारेने जळालेल्या कडांवर मार्कर फसवे येतात, तिथे मत बनवू नका. प्रत्येक वेळी स्लाइडवरच्याच ओळखीच्या पेशींत रंग बरोबर आला आहे का ते आधी पाहा: अल्फा-एसएमए रक्तवाहिनीच्या भिंतीत आलं का, एस-१०० मज्जातंतूत आलं का. ते नसेल तर बाकीचं वाचूच नका.

आता सिंगल-सेल आरएनए तपासणी आहे. मग सूक्ष्मदर्शक कशाला?

त्या पद्धतीत ऊतीतल्या पेशी सुट्या करून प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचतात. २०१९ साली मानवी आणि उंदराच्या मूत्राशयाचा असा नकाशा प्रसिद्ध झाला. २०२२ च्या टॅब्युला सेपिअन्स या प्रकल्पात मानवी शरीराच्या २४ अवयवांतल्या सुमारे पाच लाख पेशी वाचल्या गेल्या आणि त्यांत मूत्राशयही होतं. यातून फायब्रोब्लास्टचे उपप्रकार उलगडले, जे साध्या रंगात एकसारखेच दिसतात.

पण पेशी सुट्या करताना तिची जागा हरवते. शिवाय मोठ्या, नाजूक अंब्रेला पेशी आणि लांब स्नायूपेशी या प्रक्रियेत जास्त मरतात, त्यामुळे यादीत त्या खऱ्यापेक्षा कमी दिसतात. म्हणून यादीत नवा पेशीप्रकार आला की तो ऊतीच्या कापावर, जागेसकट दाखवावा लागतो. उंदरात सापडलेला मार्कर माणसात तसाच चालेल असंही गृहीत धरू नका. दोघांच्या अस्तराची जाडी आणि थरांची मांडणी वेगळी आहे.

दुसरं मत घ्यायचं तर काय न्यायचं?

नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेकडून मूळ स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा. नवे मार्कर लावायचे तर नवे काप ब्लॉकमधूनच काढता येतात. ब्लॉक तुमच्या ऊतीचा आहे आणि तो मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. सयाजी रुग्णालय असो, नडियादचं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल असो की मुंबईचं टाटा, सगळीकडे हेच मागतील. सोबत दुर्बीण तपासणीचा रिपोर्ट, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, आधी घेतलेली बीसीजी किंवा रेडिएशन यांची नोंद ठेवा. बीसीजीनंतर अस्तराखाली क्षयरोगासारखे ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) दिसतात; आधी बीसीजी घेतल्याचं नव्या पॅथॉलॉजिस्टला माहीत नसेल तर त्याच पेशी पाहून ते क्षयरोगाचा शोध घेत बसतील. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि प्रयोगशाळेत परत दिल्यावर पोच घ्या.